लेन्स वाचली तो रविवार

ट्रॅकवर तिला सगळे फोटोताई म्हणत. आठवडाभर ती बाजारामागच्या गल्लीत आपल्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायची. "हनुवटी जरा खाली, डोळे मोठे, हसू नका," हे ती दिवसातून चाळीस वेळा म्हणत असेल. पुढच्या खोलीत काउंटर आणि प्रिंटर, मागच्या खोलीत पांढरा पडदा, एक फिरतं स्टूल आणि रडक्या पोरांना हसवायला ठेवलेलं कान तुटलेलं कापडी माकड. काउंटर नवरा सांभाळायचा. पण रविवार उजाडला की बाई वेगळीच व्हायची. गमबूट चढवायची, पाठीवर बॅग टाकायची आणि वीटभट्टीच्या जुन्या खाणीवर जायची. तिथे मोटरसायकलच्या शर्यती व्हायच्या. वर्षानुवर्षं माती काढून जमिनीला इतके चढउतार आले होते की क्लबाला ट्रॅक आखायला फारसं काही करावं लागलं नव्हतं. दोन ठिकाणी उडीसाठी उंच चढ रचले, बाजूने कठडे घातले, झालं.

तिच्याजवळ एक लांब लेन्स होती. बाटलीएवढी जाड आणि कोपरापर्यंतच्या हाताएवढी लांब. एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरची पाठ कामातून गेली, तेव्हा त्याने ती हिच्या हवाली केली होती. "पावसाचं हिला फार काही वाटत नाही," तो म्हणाला होता, "पण चिखलातली रेती हिची वैरीण. पुसू नकोस कधी. आधी फुंक, मग ब्रश, मग फडकं." हिने ते मंत्रासारखं पाठ केलं. लेन्स तळहाताच्या फोडासारखी जपायची. पुढे साधी काच, काचेपुढे नळकांडं, आणि सगळ्यावरून एक पिवळं कव्हर. ते नवऱ्याने जुना रेनकोट फाडून मशीनवर शिवलं होतं, एका टोकाला इलॅस्टिक, दुसऱ्या टोकाला ओवलेली नाडी. शिवताना तो कुरकुरला होता, "मला ताप आला तर म्हणतेस गोळी घे आणि पड. हिच्यावर जरा वाफ धरली की तुझ्या तोंडचं पाणी पळतं."

गाड्या चढावर आल्या की मागचं चाक माती भिरकावतं. ढेकळं गोफणीतून सुटल्यासारखी येतात. नवे फोटोवाले तेव्हा हाताने लेन्स झाकायला जात आणि बोटं सुजवून घेत. फोटोताईची तऱ्हा निराळी होती. माती सुटलेली दिसली की ती गर्रकन पाठ फिरवायची आणि लेन्स पोटाशी घेऊन वाकायची. मार पाठीवर. एक, दोन मोजायचं आणि परत वळायचं. हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की ट्रॅकवरचा झेंडेवाला म्हणायचा, "ताई, तुम्ही घरी नवऱ्याने भांडं आपटलं तरी अशाच वळत असाल."

क्लबाचा एक नियम होता, आणि तो नव्यांना समजावून सांगायचं काम तिच्याकडेच होतं. कठड्याजवळ सुटं काही ठेवायचं नाही. टोपी नाही, रुमाल नाही, पिशवी तर नाहीच नाही. "मला कुणाकडे सुटं काही दिसलं तर सचिवांना विचारणार नाही, मीच बाहेर काढीन," असं ती दटावायची. तिने दोघातिघांना खरंच बाहेर काढलं होतं.

त्या रविवारी सकाळपर्यंत पाऊस होता. शर्यत सुरू होताना थांबला, पण वारा राहिला. ती मोठ्या चढाच्या पायथ्याशी, कठड्याला लागून उभी होती. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या तेव्हा तिने पिवळं कव्हर काढलं. ते असलं की लेन्सची कडी नीट फिरायची नाही आणि ह्या फेऱ्यांचे फोटो तिला हवे होते. कव्हरची जागा बॅगेच्या बाजूच्या खणात, चेन लावून. पण बॅग पाठीवर होती. ती उतरवायची, खण उघडायचा, पुन्हा चढवायची, म्हणजे अर्धी फेरी गेली. पहिल्या गाडीचा आवाज वळणावरून येतच होता. तिने कव्हर डाव्या काखेत दाबलं. नंतर ठेवू.

पहिली गाडी आली, चढाला लागली, मागच्या चाकाने मातीचा फवारा सोडला. ती वळली, लेन्स पोटाशी, पाठ बाहेर. ढेकळं बसली. एक, दोन. परत वळली. काच बघितली, स्वच्छ होती. डोळा लावला आणि बटण दाबून धरलं, कारण मागोमाग सत्तावीस नंबर येत होता.

सत्तावीस नंबर म्हणजे पानामामांची भाची. वय पंचवीस, त्या मोसमात पहिल्या तिघांत. पानामामांचं गॅरेज होतं, खिशात सदा पाना, म्हणून हे नाव. ते भाचीचे मामा म्हणून मग सगळ्या ट्रॅकचे मामा. भाचीची गाडी त्यांनीच बांधलेली. बाप लवकर गेल्यावर पोरीला सायकल, मग स्कूटर, मग ही, सगळं त्यांनीच शिकवलं होतं. त्या सकाळी जुनी चेन ताणली गेली म्हणून त्यांनी ट्रॅकवरच, सगळ्यांच्या देखत, चिखलात गुडघे टेकून नवी चेन बसवली होती.

फोटोताईने कॅमेऱ्यातूनच पाहिलं. गाडी चढावर आली, अर्ध्यात मागचं चाक एकदम अडकलं, जणू कुणी खालून धरलं. गाडी उडाली नाही, उलटली. पोरगी हँडलवरून पुढे फेकली गेली आणि गाडी तिच्या पायावर आली.

झेंडे हलले, शिट्ट्या वाजल्या, माणसं धावली. फोटोताईही कठडा ओलांडून धावली. चार पावलांवर तिच्या बुटाला काहीतरी लागलं. पिवळं. तिने उचललं. तिचंच कव्हर. पण काळं ग्रीस माखलेलं, नाडी तुटून लोंबत होती, आणि कापडावर ओळीने भोकं पडली होती, सारख्या अंतरावर, चेनच्या दातेरी चकतीच्या दात्यांची. तिचा हात आपोआप काखेकडे गेला. काख रिकामी होती.

तिने ते जाकिटाच्या आत कोंबलं. असं का केलं ते तिला पुढे कितीदा तरी स्वतःला विचारावं लागलं. त्या क्षणी तिला वाटलं होतं, आत्ता ही वेळ नाही. पोरीला आधी नेऊ दे.

स्ट्रेचर आलं. पोरगी शुद्धीवर होती, किंचाळत होती. मामा गाडीपाशी होते. चेन उतरून मागच्या चाकात गुंडाळली गेली होती. ते ती बोटांनी चाचपत होते आणि कुणीतरी विचारण्याआधीच म्हणत होते, "मीच बसवली. सकाळी मीच बसवली."

"सैल राहिली असणार," मागे कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "वय झालं मामांचं. घाईही होती." तेवढ्यावर निकाल लागला. गाडी उचलून टेम्पोत टाकेपर्यंत ती गोष्ट ट्रॅकभर झाली होती, आणि फोटोताई कठड्याला टेकून उभी होती, छातीशी ते कापड आणि गळ्यात ती लेन्स. लेन्सवर एक शिंतोडासुद्धा नव्हता.

उद्या सांगू, असं म्हणून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी नवरा बँकेत गेल्यावर तिने फोटो कॉम्प्युटरवर घेतले. सत्तावीस नंबरच्या नऊ फ्रेम होत्या. पहिलीत काही नव्हतं. दुसरीत चढाच्या पायथ्याशी, चाकाच्या वाटेत, एक पिवळा ठिपका, आणि गाडीची चेन इतकी स्पष्ट की कड्या मोजाव्यात. ताठ. तिसरीत पिवळं पुढच्या चाकामागे उडालेलं. चौथीत अर्धं चेनमध्ये गेलेलं. पाचवीपासून चेन लोंबती. फोटो चांगले होते. एवढे तीक्ष्ण फोटो तिने वर्षभरात काढले नव्हते, आणि हा विचार आपल्या मनात आला ह्याचीच तिला किळस आली. तिने त्या नऊ फ्रेम वेगळ्या ठेवल्या. पुसायला बोट गेलं होतं, पण धजलं नाही. कव्हर मागच्या खोलीत जुन्या निगेटिव्हच्या पेटीत, तळाशी.

बुधवारी मामा आले.

काउंटरवर टोपी काढून ठेवली. तीन दिवसांत गाल बसले होते. नवरा आत प्रिंट कापत होता, ती पुढे होती.

"ताई, तुम्ही त्या मोठ्या चढापाशीच होतात ना?"

"होते."

"मग एखादा तरी फोटो असेल. मला काही नको, फक्त चेन बघायचीये. पडायच्या आधी सैल दिसते का. सैल असेल तर माझंच चुकलं, विषय संपला. ताठ असेल तर मग..." ते थांबले. "मला आठवतच नाही हो. घट्ट केली की नाही. रोजचं काम. हात करतात, डोकं लक्ष देत नाही."

"पोरगी कशी आहे?" तिने विचारलं.

"गुडघ्याचा चुरा झालाय. उद्या दुसरं ऑपरेशन. काल मला म्हणाली, मामा, घट्ट केली होतीस ना रे? मला हो म्हणता येईना."

आता. आता सांगायचं. तिने तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं ते असं, "पुढच्या गाडीचा चिखल उडाला, मामा. मी पाठ फिरवली. लेन्स वाचवायला. वळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं."

त्यातला पहिला भाग खरा होता, म्हणूनच ते इतक्या सहज निघालं. मामांनी मान हलवली. वर तिचीच समजूत काढली. "साहजिक आहे. हत्याराला जपावंच लागतं. मी तरी माझे पाने कुणाच्या हातात देतो का? तुम्ही मनाला लावून घेऊ नका." टोपी उचलली आणि गेले.

तिने त्या दिवशी आणखी सहा जणांचे फोटो काढले. सगळ्यांना हनुवटी खाली घ्यायला सांगितलं.

खोटं एकदा बोललं की ते सांभाळावंही लागतं, हे तिला पुढच्या महिन्यांत कळलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर अपघात झाला असता, एवढंच. आता त्यात बुधवार मिसळला होता. आज सांगायला गेलं तर मामा म्हणतील, मी आलो होतो तेव्हा? महिन्याने गेलं तर म्हणतील, महिनाभर? दिवसागणिक ते सांगणं जड होत गेलं, आणि ती मूग गिळून बसली.

बातम्या कानावर येत होत्या. मामांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, पोरगी घरी आल्यावर भावाला दारातूनच परत पाठवलं. जिन्यात सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या भरवशावर माझी पोर दिली होती." क्लबातल्या इतरांनीही आपापल्या गाड्या मामांकडून काढून घेतल्या. कुणी भांडलं नाही, फक्त गाड्या यायच्या बंद झाल्या. मामा पंक्चर काढत, गवत कापायच्या यंत्रांची पाती परजत.

गॅरेज तिच्या वाटेवर होतं. एकदा भर दुपारी ती पलीकडच्या फुटपाथवरून जात असताना तिने पाहिलं. मामांनी एका साध्या स्कूटरचा नट आवळला, पाना ठेवला, हात पुसले, दोन पावलं गेले, परत येऊन आवळला. पुन्हा हात पुसले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा त्यांनी नटावर बोट ठेवलं आणि ओठ हलवत स्वतःशीच काहीतरी म्हटलं. स्कूटरचा मालक घड्याळ बघत होता. फोटोताईने रस्ता बदलला आणि पुढे कायमच लांबच्या गल्लीने जाऊ लागली.

घरीही तेच. "ते पिवळं कव्हर दिसत नाही गं," नवऱ्याने विचारलं.

"हरवलं कुठेतरी."

त्याने दुसरं शिवलं, निळं, ह्या वेळी जाड कापडाचं. तिने "छान झालंय" म्हटलं आणि कपाटात ठेवलं. तिला कुठलंच कव्हर हातात धरवत नव्हतं. रविवारी ट्रॅकवर जायची, कारण गेलं नाही तर लोक विचारतील. पण गाडी लांब असतानाच ती वळायला लागली होती. फोटोत नुसता रिकामा चढ आणि मातीचे फवारे येत. सचिव हसत म्हणाले, "ताई, अलीकडे तुम्हाला माणसांपेक्षा मातीचे ढगच आवडतात वाटतं." नव्यांना नियम सांगायचं काम तिने दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून सांगितलं. घसा बसतो, म्हणाली.

आठ महिने असे गेले. मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दाराशी काठीचा आवाज आला आणि भाची आत आली. एका कचेरीत नोकरी लागली होती, ओळखपत्राला फोटो हवा होता.

"पायऱ्या फार उंच आहेत तुमच्या," ती हसत म्हणाली. मागच्या खोलीत स्टुलावर बसली, काठी भिंतीला टेकवली. डावा पाय सरळच राहत होता, वाकत नव्हता.

फोटोताई कॅमेऱ्यामागे गेली. काहीतरी बोलायला हवं म्हणून, की जखमेवरची खपली काढल्याशिवाय राहवत नाही म्हणून, तिने विचारलं, "मामा येतात का घरी?"

"नाही. आई येऊ देत नाही. खरं म्हणजे मीच आईला सांगितलं, त्याला माझ्यासमोर आणू नकोस." पोरीने केस कानामागे घेतले. "चूक कुणाचीही होते, ताई. मी गाडी चालवते, मला कळत नाही का? पण त्याने कबूल तरी करावं. नुसतं आठवत नाही, आठवत नाही. समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन चूक कबूल न करणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो."

"हनुवटी जरा खाली," फोटोताई म्हणाली.

फोटो हलला. दुसराही हलला. तिपाईवर बसवलेला कॅमेरा, समोर शांत बसलेलं माणूस, आणि वीस वर्षं हेच करणाऱ्या बाईच्या हातून फोटो हलत होता. तिसऱ्या वेळी जमलं. "तब्येत बरी नाही का?" पोरीने जाताना विचारलं. काउंटरपर्यंत नवऱ्याने तिला हात दिला, पायऱ्या उतरवून दिल्या.

तो परत आला तेव्हा फोटोताई निगेटिव्हची पेटी उपसत जमिनीवर बसली होती. "दार लावून घ्या," ती म्हणाली.

"अकरा वाजता?"

"लावा म्हणते ना."

तिने पिवळं कापड त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. काख, ढेकळं, बूट, नऊ फ्रेम, बुधवार. तो कापड उलटंपालटं करत ऐकत होता. ती थांबल्यावर तो पहिल्यांदा बोलला ते भलतंच. "इलॅस्टिक मी जुन्या पायजम्याचं लावलं होतं. नवं असतं तर लेन्सवर नीट बसलं असतं. तुला काढावंच लागलं नसतं कदाचित."

"अहो, तुम्ही मध्ये कुठे आलात!" ती ओरडलीच. "काखेत मी धरलं. लपवलं मी. खोटं मी बोलले." आणखी एक माणूस तिच्या वाटणीचं आपल्या अंगावर ओढून घेत होता, आणि ते तिच्याने बघवेना.

त्याने कापडावरच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "मी आत प्रिंट कापत होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "ऐकू येत होतं मला तुमचं बोलणं. मला वाटलं, बिचारीला फोटो मिळाला नाही म्हणून वाईट वाटतंय. आठ महिने तू माझ्यासमोर बसून जेवलीस."

ती उपसलेल्या निगेटिव्ह पेटीत परत भरू लागली.

"सांगायचंय का?" त्याने विचारलं.

"हो."

"मग आजच जा. उद्या म्हणशील तर तू जायची नाहीस. मी ओळखतो तुला." सोबत येऊ का, असं त्याने विचारलं नाही. तिने नऊ फ्रेम छापायला लावल्या. प्रिंटर एकेक कागद सोडत होता आणि तो पाठमोरा उभा राहून ते गोळा करत होता.

मामा एका यंत्राचं पातं परजत होते. ती दिसल्यावर धार लावायचं चाक थांबवलं. "या ताई. बऱ्याच दिवसांनी. हल्ली दिसत नाही तुम्ही ह्या बाजूला." स्टूल पुसून पुढे केलं. ती बसली नाही. कामाच्या फळीवर नऊ कागद ओळीने मांडले आणि शेवटी कापड ठेवलं.

मामांनी चष्मा शोधला, कपाळावरच होता, तो खाली घेतला. पहिला कागद बघितला. दुसरा डोळ्यांजवळ नेला आणि तिथेच राहिले. त्यांचं पिवळ्या ठिपक्याकडे लक्षच नव्हतं. ते चेन बघत होते. अंगठ्याने कागदावरून तिच्यावर रेघ ओढली.

"ताठ आहे," ते म्हणाले. मग पुन्हा, आवाज फुटून, "ताठ आहे हो."

स्टुलावर ते स्वतःच बसले. दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, फळीवरचे कागद हलले, तिने घाईने हात ठेवून धरले.

"हे कापड तुमचं?"

"माझं. मी काखेत धरलं होतं. लेन्स वाचवायला वळले तेव्हा पडलं."

"कापड कुणाचंही उडू शकतं. वारा होता त्या दिवशी." मामा तिच्याकडे न बघता बोलत होते. "त्याचं मला काही वाटणार नाही. पण मी तुमच्याकडे आलो होतो, ताई. काउंटरपाशी उभा राहून विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा हे होतं तुमच्याकडे?"

"होतं. मागच्या खोलीत."

"दहा पावलांवर," मामा म्हणाले. "दहा पावलांवर होतं, आणि मी तुम्हाला म्हटलं, मनाला लावून घेऊ नका."

तिला रडू येत होतं आणि तिने ते दाबलं. इथे रडलं तर तिचीच समजूत काढायला हा माणूस उठेल, अशी तिला भीती होती. "काय करू सांगा," ती म्हणाली. "क्लबात सांगते. आक्कांकडे जाते. तुम्ही म्हणाल ते."

"मी सांगितलं तर आक्का म्हणेल, स्वतःची मान सोडवायला कुठून तरी चित्रं आणली. तुम्ही जा. तुमच्या तोंडाने सांगा. आणि हे सगळे कागद घेऊन जा. एवढा दुसरा ठेवा इथे."

आक्का तिसऱ्या मजल्यावर राहत. संध्याकाळचे पाच वाजले होते. भाची खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसली होती, आक्का कपड्यांच्या घड्या घालत होत्या. फोटोताईने उभ्यानेच सांगितलं. गाळलं काहीच नाही. आपण मामांशी काय बोललो ते शब्द न बदलता सांगितलं.

भाचीने कागद एकेक करून बघितले. चौथ्यावर थांबली. "सकाळी मी तुमच्यासमोर बसले होते," ती अगदी हळू म्हणाली. "मी तुम्हाला काय म्हटलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणून तर आले."

"म्हणून? मी म्हटलं नसतं तर?" तिचा आवाज चढला. "मी त्याला काय काय बोललेय माहितीये? हॉस्पिटलमध्ये तो पाणी द्यायला आला तर मी तोंड फिरवलं. माझा पाय गेला त्याचं राहू द्या. पाय परत येणारच नव्हता. पण मामा होता की माझा! तोही तुम्ही घेतलात."

आक्कांनी हातातला टॉवेल घडी करून, मोडून, पुन्हा घडी केला. "माझा भाऊ ह्या दारातून रडत खाली गेला," त्या म्हणाल्या. "मी कडी लावली आणि आत येऊन चहा टाकला. ते मी केलं, बाई, तुम्ही नाही. पण मला ते करायला तुम्ही लावलंत. आता तुम्ही जा. मला चप्पल घालायचीये."

त्या खाली उतरल्या त्या थेट गॅरेजकडे गेल्या, हे फोटोताईला झेंडेवाल्याकडून कळलं. तो तिथेच पंक्चर काढून घेत होता. आक्का दारातच उभ्या राहिल्या. मामाच म्हणाले, "आक्का, त्या स्टुलावर बसू नकोस, तेल लागलंय." मग आक्का त्याच तेलकट स्टुलावर बसून रडल्या.

क्लबाच्या सभेत तिने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. सैल राहिली असणार, असं पहिल्यांदा म्हणणारे गृहस्थ खाली बघत बसले होते. क्लबाने तिचं ट्रॅकवरचं ओळखपत्र परत मागितलं, ते तिनेच टेबलावर ठेवलं. दोन महिन्यांत तिघांनी आपल्या गाड्या पुन्हा मामांकडे दिल्या. मामांनी दोघांच्या घेतल्या, तिसऱ्याला नाही म्हणाले, कारण दिलं नाही. भाची आता कधी कधी गॅरेजात बसते, मामांना हत्यारं काढून देते आणि त्यांच्याशी हुज्जत घालते. फोटोताईशी ती बोलत नाही. एकदा बाजारात समोरासमोर आली, तर काठी टेकत पलीकडच्या बाजूला गेली. तिला रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो ते फोटोताईने उभं राहून पाहिलं.

नवरा बोलतो. तो पहिल्यापासून बोलतच होता, पण काउंटरवर कुणी तिला काही विचारलं की आतल्या खोलीतला त्याचा कात्रीचा आवाज आता क्षणभर थांबतो.

सगळं झाल्यावर चारेक महिन्यांनी मामा रस्त्यात भेटले. ती आता लांबच्या गल्लीने जात नव्हती. त्यांनी स्वतःहून हाक मारली. हातात पाना होता, तो फडक्याने पुसत म्हणाले, "ताई, त्या बुधवारी तुम्ही खरं सांगितलं असतं ना, तर मी तुमच्यावर रागावलोसुद्धा नसतो. उलट मीच तुम्हाला पाणी दिलं असतं. आता राग आलाय. आणि तो जात नाही. मी प्रयत्न करून बघितला."

"खरंय, मामा."

"गेला की सांगेन."

"बरं," ती म्हणाली.

त्याला वर्ष होत आलं. त्यांनी अजून सांगितलेलं नाही आणि तिनेही विचारलेलं नाही. समोर दिसले की ती थांबते. मामा मान हलवतात, कधी हलवत नाहीत, आणि कामाला लागतात.